बटण साठवर

"बाबा, फीत दमट होऊन चिकटलीय. वाजणार नाही," मुलगी म्हणाली. गेलेल्या आईचा आवाज जगात त्या एकाच कॅसेटवर उरला होता. बाबा आपलं भाषण रेकॉर्ड करत असताना ती मध्येच ओरडली होती, "अहो, चहा तिसऱ्यांदा गरम केलाय!"

"साठ अंशांवर शेकली की सुटेल," बाबा म्हणाले. ते भौतिकशास्त्राचे प्रोफेसर. फितीवरचा आवाज म्हणजे चुंबकी कणांचे गट आणि गटांमधल्या सीमा. अशा जातीच्या फितीत एकशेवीस अंशांना त्या सीमा पुसल्या जातात, यावरच त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

त्यांनी चष्मा लावून आईच्या केकच्या ओव्हनचं बटण बरोब्बर साठवर आणलं. संध्याकाळी फीत सुटली, कॅसेट फिरली, पण नुसती खरखर आली.

"तो ओव्हन दुप्पट तापतो, बाबा!" मुलगी रडायलाच लागली. "आई रोज सांगायची तुम्हाला!"

"मला?" बाबांना काही आठवेना. ते खुर्ची ओढून टेपजवळ बसले.

"बंद करा ते. काही नाहीये त्यात. चहा गार होतोय तुमचा."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "ऐकतोय ना मी."