अर्धा पेला

मिठाच्या वाळवंटात ट्रक बंद पडून दोन दिवस झाले होते आणि प्यायचं पाणी कालच संपलं होतं. शिक्षिका तिस्लेमने पहाटे ओल्या खाऱ्या चिखलात खड्डा खणला, मधोमध पेला ठेवला, वर प्लास्टिक ताणून त्याच्या मध्यावर खडा ठेवला. उन्हाने उठलेली वाफ प्लास्टिकच्या आतून जमून थेंबाथेंबाने पेल्यात गळू लागली.

“काय मास्तरीणबाई, उकळी फुटली का खड्ड्याला?” ड्रायव्हर सिदाती दिवसभर अधूनमधून विचारायचा.

“हात लावू नका हं काका, वाफ पळेल.”

संध्याकाळी पेला अर्धा भरला. तिस्लेमची जीभ टाळूला चिकटली होती, तरी तिने आधी बोट बुडवून चाखलं. “जरासुद्धा खारट नाही! अर्धं तुमचं, अर्धं माझं.”

सिदातीने पेला घेतला आणि ट्रकच्या बॅटरीचं बूच काढून पाणी आत ओतू लागला.

“काका, वेड लागलं का तुम्हाला?”

“हिचंही पाणी आटलंय, म्हणून तर अडकलोय. आणि हिला खारं पाणी चालत नाही.” त्याने आत डोकावून पाहिलं. “माझा वाटा संपला. आतल्या प्लेटा अजून बुडल्या नाहीत.”

उरलेलं पाणी तिच्या हातात देऊन तो पाठ फिरवून उभा राहिला.

तिस्लेमने पेला ओठांपर्यंत नेला. मग तोही बॅटरीत ओतला.

तिसऱ्या खटक्याला इंजिन खोकलं आणि सुरू झालं. ते धडधडत होतं, तेव्हा दोघं खड्ड्याशी गुडघे टेकून प्लास्टिकची आतली बाजू चाटत होते.