हनुवटीतली खळी

शिवाजी पेठेतल्या फोटो स्टुडिओत मौलाली गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून असे बुजवायचा, की आरसाही खोटा पडावा. आज उजेडाच्या काचेवर त्याच्या लेकीची, जरीनाची निगेटिव्ह होती. फोटो वडगावच्या स्थळाकडं जायचा होता. "अब्बा, हनुवटीतली खळी तेवढी भरा की," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतोय, खळी बुजवायच्या ऑपरेशनला मुंबई गाठायला लागंल. तुमची पेन्सिल घरचीच हाय." मौलालीनं पॉलिशपेपरवर टोक घासलं, हात उचलला, तसाच खाली घेतला. "तुझ्या अम्मालाबी अशीच खळी होती. तिचा एकच फोटो. त्यातली मीच हौसेनं बुजवली. ती गेल्यापास्नं खळी तुझ्याच तोंडावर बघतोय. आता तूबी चाललीस." जरीनानं भिंतीवरच्या फोटोतल्या अम्माच्या गुळगुळीत हनुवटीकडं बघितलं आणि त्याच्या हातातली पेन्सिल डबीत ठेवली. "दोन प्रती काढा, अब्बा. एक वडगावला, एक तुमच्यापाशी."