नव्वद दिवसांची नोंद

"बंद करून परत चालू करा," बायको म्हणाली.

"चारदा केलं."

"मग पाचव्यांदा करा."

त्याने पाचव्यांदा केलं. राउटरचा दिवा लाल होता तो लालच राहिला. रात्री त्या डबीने कुणालाही न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि सकाळपासून ती घरातल्या कुणालाच ओळख दाखवत नव्हती. बढती मिळालेल्या माणसासारखी.

एरवी बायको नऊच्या ठोक्याला ऑफिसला निघायची. आज सव्वानऊ झाले तरी पर्स आणि छत्री मांडीवर घेऊन ती सोफ्यावरच होती.

"तू जा ना. मी बघतो."

"नेट बंद ठेवून कसं चालेल? तुमच्या मीटिंगा आहेत."

मीटिंगा कसल्या! चार महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. घरी त्याने एवढंच सांगितलं होतं, की आता घरूनच काम. ऑफिसचा लॅपटॉप केव्हाच परत गेला होता. टेबलावर उघडा असायचा तो भाच्याने टाकून दिलेला, ज्याचा फक्त पडदा उजळायचा. बायको निघेपर्यंत तो त्या पडद्याकडे बघून दोन-तीनदा "हो सर, लगेच पाठवतो" म्हणायचा. ती गेली, की टीव्ही.

सांगायचं त्याने सतरा वेळा ठरवलं होतं. पण बायकोला एकच गोष्ट खपत नसे, खोटं बोलणं. सख्खा भाऊ एकदा खोटं बोलला, तर अकरा वर्षं ती त्याच्याशी बोललेली नव्हती. आणि तो तर भाऊसुद्धा नव्हता, नुसता नवरा होता.

शिवाय तिच्याकडे बघून जीभ रेटत नसे. बसस्टॉपवरच्या उन्हाने यंदा तिचं नाक चांगलंच रापलं होतं. तरी संध्याकाळी सहाला दारात उभी राहायची ती गच्चीवरचे वाळलेले कपडे घड्या घालून हातात घेऊनच. दिवसभर घरात लोळून आपल्याला हे सुचत नाही, या विचाराने तो रोज खजील व्हायचा आणि रोज विसरायचा.

बेल वाजली. बायकोने बोलावलेला मेकॅनिक आला होता. दोरीत अडकवलेला चष्मा, खिशाला चार पेनं, चेहऱ्यावर सर्जनची शांतता.

"काय होतंय हिला?"

"तुमच्या कंपनीने अपडेट दिलं," तो म्हणाला.

"कंपनी देते, शिव्या आम्ही खातो." मेकॅनिकने डबीच्या पाठीतली वायर काढून फुंकर मारली, परत लावली आणि स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी उघडलं. "बिघाड काही नाही. नवीन सुरक्षा आलीये. आधी जोडलेलं एकेक यंत्र दाखवणार, तुम्ही ओळखीचं म्हणायचं, मग ती दार उघडणार."

"एवढंच ना? म्हणतो मी ओळखीचं."

"तसं नाही साहेब. कुठलं यंत्र रोज किती ते किती चालतं, ते वाचून खात्री करायची. नव्वद दिवसांची नोंद आहे."

तो पटकन पुढे सरकला. "पण ही सोय तर काल रात्री आली."

"दाखवायची सोय काल आली. लिहून ती आधीपासूनच ठेवत होती."

 

"त्यापेक्षा रिसेट मारू," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच चोरट्यासारखा वाटला. "सगळं पुसून नव्याने."

"हो, खोलात कशाला शिरायचं," बायको म्हणाली. तिने पर्समधून सेफ्टी पिन काढून त्याच्या हातात दिली. तिची बोटं गार होती. तिला संशय आलाय, त्याला वाटलं, आणि मी किती खाली घसरतो ते ती बघतेय.

त्याने डबीच्या पाठीतल्या बारीक भोकात पिन खुपसली. दिवे विझले, लागले. पुन्हा लाल.

"नोंद कंपनीकडे असते साहेब. घरात पुसून जात नाही." मेकॅनिकने चष्मा नाकावर चढवला. "तुमचा मोबाइल सोडला तर दोनच यंत्रं आहेत. पहिलं, टीव्ही. रोज साडेनऊ ते साडेपाच, जेवायलासुद्धा सुट्टी नाही. ओळखीचं?"

त्याने बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता ती पर्स उचलणार आणि अकरा वर्षांसाठी निघून जाणार, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"ओळखीचं," तो म्हणाला. आणि मग थांबवता येईना. "मीच बघतो. माझी नोकरी गेली, चार महिने झाले. लॅपटॉप भाच्याचा आहे, बंद पडलेला. मीटिंग एकही नव्हती. तू दिवसभर राबतेस आणि मी इथे... सांगायची हिंमत झाली नाही गं."

बायकोने त्याच्याकडे बघितलंच नाही. छत्रीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ती मेकॅनिकच्या मोबाइलकडे बघत होती.

"साहेब, तुमचं घरातलं तुम्ही नंतर बघा," मेकॅनिक अवघडून म्हणाला. "मला पुढच्या घरी जायचंय. दुसरं यंत्र, मोबाइल. नाव 'गृहमंत्री'."

"तो हिचा. नाव मीच ठेवलं. ओळखीचं म्हणा."

"थांबा, इथे काहीतरी गडबड आहे. तीन महिने झाले, सुट्टीचे दिवस सोडून रोज नऊ वाजून पाच मिनिटं ते पावणेसहा. एरवी सिग्नल जोरात, पण या वेळात सलग अशक्त, म्हणजे मधे स्लॅब आहे." त्याने मान वर करून छताकडे बघितलं. "वरती गच्चीत कुणी बसतं का हो?"