नासिएकूचं नाव

हत्तिणींच्या गळ्यातल्या पट्ट्यांनी वर्षभर पाठवलेल्या वाटा नैसुलाने संगणकावरच्या नकाशावर उतरवल्या होत्या. सहा हत्तिणी, सहा रंग. कोणता रंग कोणाचा, हे सांगणारी नावांची चौकट तिने खालच्या कोपऱ्यात बसवली होती. जिथे हत्ती फिरकत नाहीत तिथून सांबुरूच्या रानातला नवा रस्ता जायचा होता, आणि तो या नकाशावरून उद्या ठरणार होता.

"चौकटीत नावं सात कशी?" शेजारच्या टेबलावरचा लेतोइये चहाचा मग घेऊन डोकावला. "नासिएकू हत्तीण मरून दोन वर्षं झाली, बाई. तिची रेघसुद्धा नाही. काढ ते नाव, नाहीतर रस्तेवाले म्हणतील, हे लोक भुतंही मोजतात."

"काढते रे. आधी चौकट सरकवू दे. रस्ता त्याच कोपऱ्यातून सुचवलाय, तो झाकला जातोय."

तिने चौकट वर ओढली आणि तिचा हात तिथेच थांबला. खाली सहाही रेघा होत्या. कुणी डोंगर उतरून, कुणी नदी ओलांडून आलेली; एका ठिकाणी घुटमळून, गुंता करून परत गेलेली. तिथे ना पाणी होतं, ना चारा.

"ही जागा कुठली?" तिने हळूच विचारलं.

लेतोइयेने मग खाली ठेवला. "नासिएकू पडली ती. हाडं आहेत अजून."

मग नैसुलाने रस्त्याची रेघ पुसली, चौकटीतलं सातवं नाव अलगद उचललं आणि त्या गुंत्याच्या मधोमध ठेवलं.