इंदुमती काकूंचं कुलूप

सकाळपासून शार्वीने काकूंना जोडलेल्या यंत्रावर सगळी गणितं लावून पाहिली, पण त्यांच्या मनाचं कुलूप काही उघडेना. डोकं नुसतं बधिर झालं होतं. कॉलेजांच्या कूटभेद, म्हणजे सांकेतिक कुलूपं फोडण्याच्या, स्पर्धेत प्रत्येक संघाला असं एकेक माणूस मिळायचं, आठवणींना कुलूप लावून किल्लीच विसरलेलं. इंदुमती काकूंना तर मागे बसलेला स्वतःचा मुलगाही ओळखू येत नव्हता.

"शार्वे, सोड आता," टेबलावर डोकं टेकवून तिच्या संघातला ओजस पुटपुटला. "माझे डोळेसुद्धा संपावर गेलेत."

पण शार्वी काकूंच्या बोटांकडे बघत होती. रिकाम्या टेबलावर त्या विडा लावत होत्या. चुना, कात, सुपारी आणि पान दुमडण्याआधी पुन्हा चुना! असं कोण करतं? हीच त्यांची किल्ली असेल! शार्वीने तोच क्रम यंत्राला दिला आणि कुलूप उघडलं.

काकू मागे वळल्या. "केदार? अरे, वाळलास किती!"

"जिंकलो!" ओजस ताडकन उठला. "एक आठवण मोठ्या पडद्यावर टाक, लवकर! पुराव्याशिवाय गुण नाहीत."

काकूंनी शार्वीचं मनगट धरलं. "पोरी, माझं आतलं सगळ्यांसमोर नको गं."

शार्वीने यंत्राची वायर उपटली. पडद्यावर त्यांच्या कॉलेजपुढे 'अपूर्ण' उमटलं.

"दिवसभर मेलो ना आपण!" ओजस ओरडला.

"हो रे," ती कशीबशी म्हणाली.

मागे काकू केदारला जेवणावरून झापत होत्या आणि तो रडता रडता हसत होता. ओजसने ते पाहिलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.