ठकीचा नमुना

समजा, तुमच्या हातात एक डबी आहे आणि तिच्यात रानमांजरीची शी आहे. नाक मुरडू नका! काळ्या पायांच्या या रानमांजरी जगात फार थोड्या उरल्यात, आणि त्यांच्या पोटात जंत झालेत का, हे त्या शीतूनच कळतं. आता समजा, तुमचा पाय घसरला आणि डबी थेट गटारात!

बारकीचं नेमकं तेच झालं.

तिचे बाबा प्राणिसंग्रहालयात ठकी नावाच्या रानमांजरीची देखभाल करत. शाळेला सुट्टी लागली की दर सोमवारी डबी तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरकाकांकडे तपासायला पोचवायचं काम बारकीचं. बाबांचा ओरडा खायला नको म्हणून ती घरी पळाली, घरच्या भुरी मांजरीची शी दुसऱ्या डबीत भरली, वर चिकटपट्टी लावली आणि काकांकडे गेली.

"आला का नमुना घेऊन आमचा नमुना!" काका हसले.

बारकीला हसू आलं नाही.

संध्याकाळी अहवाल आला. जंत नाहीत.

पण ठकी वाळत चालली. चौथ्या दिवशी तर ती मांसाला तोंडही लावेना.

"जंत नाहीत, म्हणजे पोटात दुसरंच काहीतरी आहे," रात्री जेवताना बाबा म्हणाले. "उद्या दुपारी बाहेरचे मोठे डॉक्टर येणार. भूल देऊन पोट उघडणार. एवढ्या अशक्तपणात बिचारी टिकते की नाही, कोण जाणे."

"आणि जंत असते तर?"

"तर काय, औषध दिलं की काम झालं. तू का गं ताटात नुसती बोटं फिरवतेस?"

बारकी ताट तसंच ठेवून उठली.

सकाळी ठकीच्या पिंजऱ्यातली ताजी शी डबीत घेऊन ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, सोमवारची शी ठकीची नव्हती. आमच्या भुरीची होती."

मग हुंदके देत तिने गटारापासून सगळं सांगून टाकलं. "ठकी मेली तर माझ्यामुळेच मरेल."

काका ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"कोणाला बोललीस हे?"

"कोणालाच नाही. आता बाबांना सांगते. तुमचा अहवाल माझ्यामुळे चुकला ना!"

काका उठले. मग त्यांनी फ्रिज उघडून सोमवारची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"मागे एकदा वर्षभर कुणाच्याच पोटात जंत सापडले नाहीत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेव्हापासून मी डब्या उघडायचंच सोडलंय, पोरी."

बारकीने बाहीने डोळे पुसले. मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.