सैल

"सैल," तो माणूस बाहेरून पुन्हा ओरडला. त्याने बंदुकीची नळी लॉरीकडे केली, मग दरीच्या वरच्या टोकाकडे. "सैल. यल्ला."

खैरुन्निसाने आतून कडी घातली. चिमुकल्या लेकीला, खतीजाला, पोटाशी धरले.

आत म्हणजे लॉरीच्या पाठीवर. तिचा नवरा युसुफ दुबईच्या खाडीवर गलबतांचे सुतारकाम करायचा. भंगारात निघालेल्या एका लॉरीवर त्याने लाकडी खोली बांधली होती. फळ्यांचा पलंग, स्टोव्ह, खिडकीला पडदा. चाकांवरचे घर. १९६७च्या हिवाळ्यात त्या घराची ही पहिलीच सफर. फुजैराकडच्या डोंगरात एक वादी आहे, खजुरी आहेत, वाहते पाणी आहे, असे त्याला बाजारात कुणीतरी सांगितले होते.

"वादी नाही गो, वाडी," त्याने बायकोला समजावले होते. "अरबांना ड म्हणता येत नाही."

खैरुन्निसाला रत्नागिरीहून येऊन वर्षही झाले नव्हते. तिला ते पटले. वाडी म्हणजे घरे असणार, विहीर असणार, हाकेला ओ देणारी एखादी बाई असणार.

इथे कुणी नव्हते. वादी म्हणजे नुसती दरी निघाली. दोन्हीकडे तपकिरी, उघडे कडे. मध्ये गोट्यांचे रुंद पात्र, पात्रात बोटभर झरा, झऱ्याला लागून ही लॉरी. वर निळे आभाळ. आणि दाराबाहेर बंदूकवाला.

"शेजारचे जमालभाई सांगत होते ना," ती कुजबुजली. "या कबिल्यांच्या जमिनीत शेखसुद्धा विचारून पाय ठेवतो. आणि तुम्ही निघालात हवा खायला."

"जमाल स्वतःच्या सावलीला सलाम करतो," युसुफ म्हणाला. त्याने पडदा बोटभर सरकवला.

म्हातारा होता. कमरेला खंजीर, छातीवर काडतुसांचा पट्टा. तो चाकांकडे हात करून ओरडत होता, सैल, सैल. युसुफची अरबी बाजारापुरती. हा शब्द त्यात नव्हता.

पण हा शब्द त्याला येत होता.

"अगो, हा आपली भाषा बोलतोय," तो म्हणाला. "लाकूड न्यायला आपल्याकडे येणारे अरब खलाशी शिकतात तुटकंफुटकं. चाक सैल झालंय म्हणतोय. नट सैल झाले असतील."

"मग बंदूक कशाला?"

"इथे बंदूक म्हणजे छत्री. सगळेच घेऊन फिरतात."

त्याने पाना घेतला. बाहेर पडला. मागे कडी पुन्हा लागल्याचे ऐकले. म्हाताऱ्याने त्याचे मनगट पकडले आणि ओढले, डोंगराच्या बाजूला. युसुफने हात सोडवून घेतला, "कळलं, कळलं," म्हणत लॉरीखाली शिरला.

पहिला नट घट्ट.

दुसरा घट्ट.

दुसऱ्या बाजूचे चाक. घट्ट. सगळे घट्ट.

मग हा खोटे का बोलला? मला गाडीखाली घालायला.

पाय. काळे, भेगाळलेले, अनवाणी. ते लॉरीखालून दिसत होते. ते युसुफकडे आले नाहीत. पायरीकडे गेले.

बंदुकीचा दस्ता दारावर आदळला. युसुफनेच बसवलेली कडी. पुन्हा आदळला. लाकूड फाटल्याचा आवाज, त्यावर खैरुन्निसाची किंकाळी. युसुफ वळला, डोके लोखंडावर आपटले, पाठ आसाला अडकली. पायरीवरून ते काळे पाय खाली उतरले. त्यांच्या वर, हवेत लोंबणारे, आणखी दोन पाय. लहान. एका पायात मोजा.

तो बाहेर आला तेव्हा म्हातारा कड्यावर चढत होता. खांद्यावर खतीजा. ती रडतही नव्हती. बंदूक त्याने खालीच टाकली होती. युसुफने ती पाहिली, पण त्याला बंदूक चालवता येत नव्हती. पाना हातात होता. तो धावला. मागून खैरुन्निसा, अनवाणी, अल्लाला हाका मारत, मध्येच त्या माणसाला शिव्या देत. दगड निसटत होते. म्हातारा मागे बघत होता आणि वर चढत होता. मागे बघत होता आणि वर चढत होता. ही दोघे थबकली की तोही थबकायचा.

एका सपाट खडकावर युसुफने त्याला गाठले आणि पाना त्याच्या डोक्यात घातला.

म्हातारा गुडघ्यावर बसला. खतीजाला सोडले नाही. उलटा हात उगारला नाही. फक्त हनुवटीने खाली दाखवले. "सैल."

युसुफला आधी वाटले, लॉऱ्या येताहेत. खूप लॉऱ्या, एकामागून एक. मग दरीच्या वळणावरून तपकिरी भिंत आली. तिच्यात उभी खजुरी होती, शेळ्या होत्या, घराएवढे दगड होते. वर आभाळ तसेच निळे. पाऊस केव्हातरी मागच्या डोंगरात पडून गेला होता. सगळे पात्र या कड्यापासून त्या कड्यापर्यंत भरले. लॉरी क्षणभर उभी राहिली. मग धक्क्यावरून गलबत सोडावे तशी हलली, आडवी झाली, आणि तिच्या पाठीवरची खोली सुटून पाण्यावर तरंगू लागली. खिडकीत पडदा हलत होता.

युसुफच्या हातातला पाना खडकावर पडला.

म्हाताऱ्याने खतीजाला आईकडे दिले. त्याच्या दाढीतून रक्त गळत होते. त्याने ते पुसले नाही. त्याने बोट खतीजाकडे केले, मग खैरुन्निसाकडे, मग युसुफकडे. मग त्याने खाली वाहत जाणाऱ्या त्या खोलीकडे बोट दाखवले आणि भुवया उंचावून विचारले: आत आणखी कुणी?

युसुफ त्या वाहत्या खोलीकडेच बघत राहिला.

म्हाताऱ्याने उत्तराची वाट पाहिली नाही. तो छातीवरचा काडतुसांचा पट्टा सोडत पाण्याकडे उतरू लागला.